ऑक्टोबरची छाटणी

शशिकलाला कोणाकडे सरळ काही मागता येत नाही. दोह्यातल्या अल हिलाल भागात आमची इमारत आहे, तिथे ती पहिल्या मजल्यावर राहते आणि मी तिच्या बरोबर वर. तिला माझ्याशी बोलायचं असलं की ती "आसावरी, जरा खाली ये" असं म्हणत नाही. "इडलीचं पीठ जास्त झालंय" म्हणते. मग मी भांडं घेऊन जायचं, पीठ ओट्यावर राहायचं आणि आम्ही दोघी गप्पा मारत बसायचो. संध्याकाळी नवऱ्याबरोबर समुद्राकाठी कॉर्निशवर फिरायला जावंसं वाटलं की तिच्या घरातलं दूध संपतं. प्रतापराव उत्तरेकडच्या गॅस प्लांटवर इंजिनिअर आहेत, भलते मितभाषी. दोन माणसांच्या घरात एवढं दूध जातं कुठे, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही. मुकाट्याने गाडीची किल्ली उचलतात.

मी पुण्याची. मला जे हवं ते मी तोंडावर मागते आणि जे आवडलं नाही तेही तोंडावर सांगते. त्यामुळे माझी माणसं कमी आहेत. शशिकलाची पुष्कळ आहेत, पण त्यातल्या एकालाही ठाऊक नाही की या बाईला त्यांची गरज आहे. प्रत्येकाला वाटतं, आपणच तिचं काहीतरी काम करून दिलं.

हे वळण माहेरचं. निफाडजवळ तिच्या वडिलांची दोन एकर द्राक्षबाग आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ नाही, वडील एकटेच राहतात. सगळे त्यांना तात्या म्हणतात. तात्यांनी लेकीला "तुझी आठवण येते" असं जन्मात म्हटलं नाही. दर उन्हाळ्यात ओळखीच्या कुणाबरोबर तरी बेदाण्याचा डबा दोह्याला पाठवायचे आणि फोनवर म्हणायचे, "डबा परत पाठव, चांगला आहे." शशिकला तो डबा परत पाठवायची, रिकामा कसा पाठवायचा म्हणून खजूर भरून. बाप-लेकीचं सगळं प्रेम त्या एका स्टीलच्या डब्यातून ये-जा करत होतं.

दोह्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत उन्हाने जीव नकोसा होतो, म्हणून शाळांना सुट्टी लागली की आम्ही सगळे भारतात पळतो. हिवाळ्यात मात्र इथून कोणी हलत नाही. हवा छान असते, बागांमधून गर्दी होते, लोक वाळवंटात तंबू ठोकतात. त्यामुळे शशिकला लग्नानंतर सुट्टीला माहेरी गेली ती दर वेळी जुलैत. जुलैत द्राक्षबागेत बघण्यासारखं काही नसतं, नुसत्या वेली आणि पानं. थंडीतली बाग तिने लग्नानंतर पाहिलीच नाही. अमेय, तिचा मुलगा, आता कॅनडात शिकतो. त्याने तर आजोबांच्या बागेतला घड वेलीवर लागलेला कधीच पाहिला नाही. तात्यांशी व्हिडिओवर बोलताना तो "ओके तात्या, टेक केअर" एवढ्यात आटपतो.

आणि खरी परीक्षा असते ती थंडीतच. तिकडे ऑक्टोबरात वेलींची छाटणी करतात. मग नवी फूट येते, फुटीबरोबर घड बाहेर पडतात आणि मणी फुगायच्या सुमाराला निफाडची थंडी उतरते. पारा पार खाली गेला की मणी तडकतात. म्हणून पहाटे बागेच्या ओळींमधून शेकोट्या पेटवायच्या, ओला पालापाचोळा टाकून धूर करायचा आणि तो धूर दुलईसारखा बागेवर धरून ठेवायचा. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दर डिसेंबरात कोणीतरी निफाडच्या तापमानाची बातमी टाकतं आणि खाली हसरे चेहरे येतात. शशिकला हसत नाही. त्या आकड्याचा अर्थ तिला कळतो. तात्या पहाटे उठून धुरात उभे आहेत, असा त्याचा अर्थ.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात हा धूर त्यांच्या छातीत बसला. नाशिकला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अजून एखादा हिवाळा असा काढलात तर पुढचा दिसणार नाही. शशिकला विमानाने गेली, महिनाभर नाशिकला त्यांच्याजवळ राहून आली आणि आल्यावर मला म्हणाली, "इडलीचं पीठ जास्त झालंय."

मी खाली गेले. ती ओट्याशी पाठ करून उभी होती.

"तात्यांना इथे आणायचंय," ती म्हणाली. "हिवाळ्यापुरतं नाही, कायमचं."

"मग सांग त्यांना तसं."

"ते कसं सांगणार? ते म्हणतील, मी तिकडे येऊन काय करू?"

"म्हणू देत. तू म्हण, माझ्याजवळ राहा."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला सूक वाकिफच्या भर बाजारात उभं राहून गाणं म्हणायला सांगितलं होतं. मग ती खरंच मला पीठ वाढून द्यायला लागली, तेव्हा विषय संपला हे मी ओळखलं.

शशिकला एका आरोग्य केंद्राच्या लॅबमध्ये काम करते. तिथल्या तिच्या वरिष्ठ नफिसा मॅडम, कतारीच आहेत, विधवा, मोठ्या मनाच्या. त्यांच्या सासरचं एक लहानसं शेत देशाच्या पार उत्तर टोकाला आहे. खजुराची झाडं, थोडी टोमॅटो-काकडी, शेळ्या-मेंढ्या, आणि एका बाजूला लोखंडी मांडवावर द्राक्षाच्या पाच-पन्नास वेली. त्या वेली त्यांच्या नवऱ्याने लावलेल्या. तो गेल्यापासून त्यांच्याकडे नीट बघणारं कोणी नव्हतं. शशिकलाने दर हिवाळ्यात त्या शेतावर जाऊन त्या बघितल्या होत्या, आणि आता तिला तिचं निमित्त सापडलं. तिने तात्यांना फोन केला आणि सांगितलं, "इथे एका बाईंची बाग आहे, बिचाऱ्या वेलींकडे कोणी बघत नाही. तुम्ही येऊन एकदा हात फिरवाल का?"

तात्या म्हणाले, "बघतो."

सप्टेंबर संपता संपता निफाडची बाग पुतण्याच्या हवाली करून ते दोह्यात उतरले. सामानात एक शर्ट-धोतराची पिशवी, बेदाण्याचा डबा आणि छाटणीची कात्री. कात्री अर्थातच विमानतळावर जमा केलेल्या सामानात होती, पण ती कस्टममध्ये अडवतील या काळजीने प्रवासभर त्यांना झोप लागली नव्हती.

पहिल्याच शुक्रवारी शशिकला त्यांना शेतावर घेऊन गेली. तिथे जे झालं ते मला पुष्कळ नंतर कळलं, पण ते आत्ताच सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

तात्यांनी मांडवाखाली दोन चकरा मारल्या, काड्या हाताने वाकवून बघितल्या, त्यांच्यावरचे डोळे चाचपले आणि खूश होऊन म्हणाले, "लाकूड चांगलं पिकलंय. लगेच छाटणी धरायची. घड येतील बघ."

नफिसा मॅडमना शशिकलाने हे इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमचे हे तर थंडी सरल्यावर छाटायचे, जानेवारीच्या शेवटी. त्याआधी छाटलं तर कोवळ्या फुटीला शमाल मारतो, म्हणायचे." शमाल म्हणजे उत्तरेकडून येणारा वारा. दोह्यात इमारतींच्या आडोशाला तो नुसता गार लागतो. तिकडे टोकाला मध्ये काहीच नसतं, आणि समुद्रावरून तो मीठ आणि वाळू घेऊन येतो.

तात्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी लेकीला विचारलं, "काय म्हणती बाई?"

शशिकलाला शमाल ठाऊक होता. इतके हिवाळे तिने इथे काढले होते. पण छाटणी जानेवारीत म्हटलं असतं तर तात्यांना चार महिने करायला काहीच उरलं नसतं. ते दिवाळी करून परत गेले असते, निफाडला, धुरात. तिने एका क्षणात हा सगळा विचार केला आणि वडिलांना म्हणाली, "म्हणतात, तुमच्या मनाने करा." आणि मॅडमना म्हणाली, "त्यांचा सगळा जन्म यात गेलाय. त्यांना थंडी नवी नाही."

दोन्हींपैकी दुसरं वाक्य खरं होतं. म्हणून तर मॅडम गप्प बसल्या. पाहुण्या म्हाताऱ्या माणसाच्या शब्दापुढे हट्ट धरायचा नाही, ही त्यांची रीत.

पुढचे तीन महिने शशिकला जितकी सुखात होती तितकी मी तिला कधी पाहिली नव्हती. शुक्रवार-शनिवार ती आणि तात्या शेतावर. तिथे एक पत्र्याची खोली होती, दोन खाटा, गॅसची शेगडी. प्रतापरावांची ड्यूटी तिकडेच असल्यामुळे ते जाता-येता सामान पोचवायचे. तात्यांनी छाटणी केली, फूट यावी म्हणून काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावली, वेलींना आळी केली, ठिबकच्या नळ्या साफ केल्या. थोड्याच दिवसांत मांडव पोपटी झाला. तात्यांनी शेतावरच्या बांगलादेशी गड्याला "घड" हा शब्द शिकवला आणि त्याने यांना अरबीतला "यल्ला", म्हणजे चला. अल हिलालला परत आले की तात्या माझ्या दारात उभे राहून म्हणायचे, "यल्ला आसावरीताई, चहा होऊ द्या." आमच्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या फिलिपिनो मुलीसुद्धा त्यांना ओळखायला लागल्या होत्या, कारण ऑक्टोबरात, पंख्याखाली आम्ही घामाघूम असताना, ते खबरदारी म्हणून माकडटोपी घालून फिरायचे.

मी शशिकलाला म्हणायची, "आता विचार ना त्यांना. मूड चांगला आहे."

"घड लागू देत," ती म्हणायची. "घड लागले की ते आपोआप थांबतील. एकदा घड पिकेपर्यंत इथे राहिले की परत कशाला जातील?"

म्हणजे बापाला थांबवायचं काम तिने वेलींवर सोपवलं होतं. मला राग यायचा. पण तिचा चेहरा बघून मी बोलायची नाही, आणि मी बोलत नाही असं फार क्वचित होतं.

डिसेंबरात घड दिसायला लागले, मोहरीएवढ्या हिरव्या मण्यांचे. तात्यांनी मोबाइलवर फोटो काढून निफाडला पुतण्याला पाठवले. नफिसा मॅडम येऊन मांडवाखाली बराच वेळ उभ्या राहिल्या. नवरा गेल्यापासून त्या वेली एवढ्या भरलेल्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या. शशिकला त्यांच्या शेजारी उभी होती, आणि मला नंतर म्हणाली की त्या क्षणी तिला वाटलं, आपण सांगितलं नाही तेच बरं झालं.

जानेवारीच्या सुरुवातीला हवामान खात्याचा इशारा आला. जोराचा वारा, समुद्रावर जाऊ नये, तापमान उतरेल. दोह्यात लोकांनी कपाटातून जॅकेटं काढली. तात्या मात्र उत्साहात होते. "थंडी पडणार म्हणता? पडू दे. तिला कसं हाताळायचं ते मला ठाऊक आहे." त्यांनी खजुराच्या वाळक्या झावळ्या गोळा करून ओळींमधून ढीग रचले. ओलं गवत वेगळं काढून ठेवलं. शशिकला म्हणाली, "तात्या, इथे वारा असतो." ते म्हणाले, "वारा आपल्याकडं बी असतो." मग तिने उत्तरेच्या बाजूला हिरवी जाळी बांधायचं सुचवलं. ती त्यांनी मान्य केली. गड्याला घेऊन दोघांनी दिवसभर खपून जाळी बांधली, मेंढ्या पत्र्याच्या शेडमध्ये घातल्या, टोमॅटोच्या वाफ्यांवर प्लास्टिक ओढून कडेला दगड ठेवले. संध्याकाळी तिने मला फोन केला. वाऱ्यामुळे तिचं बोलणं तुटत होतं. म्हणाली, "सकाळी थालीपीठं घेऊन येशील का? इथे भाजणी संपलीय." मी समजले.

प्रतापराव मला घेऊन भल्या सकाळी निघाले. वाटेतलं अल खोर गाव मागे पडलं तशी वाळू रस्त्यावरून सरपटत चालली होती. शेताच्या फाटकाशी गाडीचं दार वाऱ्याने माझ्या हातातून ओढलं. पातळ, बोचरी थंडी होती, नाकातोंडात खारट लागत होती. मी पुण्यात थंडी बघितली आहे, पण ती अंगावर बसते. ही अंगातून आरपार जात होती.

जाळी फाटून खजुराच्या झाडाला गुंडाळली होती. टोमॅटोवरचं प्लास्टिक कुठे उडालं ते कळत नव्हतं. मांडवाखाली ओळींमधून राखेचे ठिपके पडले होते आणि तात्या त्यातल्या एकाशी उकिडवे बसले होते. माकडटोपी काळी झाली होती. शशिकला त्यांच्या खांद्यांवर ब्लँकेट धरून उभी होती, आणि ते ब्लँकेट उडू नये म्हणून तिला त्यांना जवळजवळ मिठीच मारावी लागत होती.

पहाटेपासून त्यांनी शेकोट्या पेटवल्या होत्या. पेटल्याही होत्या. धूर मात्र एक क्षणही मांडवाखाली थांबला नव्हता. निफाडची थंडी मुकाट्याने येते, वारा पडलेला असतो, म्हणून धूर बागेवर ठरतो. इथे थंडीच वाऱ्यावर बसून आलेली. धूर जमिनीलगत आडवा होऊन दक्षिणेकडे निघून जायचा. तात्या एक शेकोटी विझली की दुसरी पेटवत होते, तिथली विझली की तिसरी.

"धूर राहीना," ते मला म्हणाले. "असं कधी झालं नाही. धूर राहीना, ताई."

थालीपीठं कुणी खाल्ली नाहीत.

वारा आणखी दोन दिवस होता. तो पडला तेव्हा पोपटी मांडव तपकिरी झाला होता. शेंडे करपून काळे पडले होते, पानं कागदासारखी वाजत होती आणि ते मोहरीएवढ्या मण्यांचे घड हात लावला की गळून पडत होते. जुन्या वेलींपैकी काही तर मुळापासून गेल्या, हे पुढे उन्हाळ्यात कळलं.

नफिसा मॅडम आल्या. तात्या त्यांच्यासमोर गेले आणि त्यांनी हात जोडले. "बाई, तुमच्या मालकांच्या हातची बाग माझ्या हातानं गेली," ते म्हणाले. "मला माफ करा." हे शशिकलाने जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. 

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या तिला म्हणाल्या, "त्यांना सांग, चूक माझी आहे. आमचे हे थंडी सरल्यावर छाटायचे, ते मी तुला सांगितलं होतं. मी आणखी आग्रह धरायला हवा होता."

थर्मास हातात धरून मी तिथेच उभी होते. मला इंग्रजी येतं. मी शशिकलाकडे बघितलं.

"काय म्हणती बाई?" तात्यांनी विचारलं.

तेव्हाही तिला सांगता आलं असतं. "म्हणतात, अल्लाची मर्जी," ती म्हणाली. आणि माझ्याकडे तिने बघितलं नाही.

त्यानंतर तात्या बदलले. छातीचं दुखणं परतलं नाही, देवाची कृपा. पण त्या माणसाचा स्वतःच्या हातावरचा भरवसा गेला. शशिकलाच्या गॅलरीत तुळस आहे. तिला पाणी घालायच्या आधी ते विचारायचे, "घालू का?" चहात साखर किती, लिफ्टचं कोणतं बटण, टीव्ही बंद करू का, सगळं विचारून. उभ्या आयुष्यात या माणसाने पावसाला सोडून कोणाला काही विचारलं नव्हतं. कात्री त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी टाकली. शुक्रवार आला की "तुम्ही जाऊन या" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

व्हिसा वाढवता येत होता. तो विषय तात्यांनीच काढला. "आता इथं माझं काय काम आहे?" म्हणाले. फेब्रुवारीत त्यांचं तिकीट निघालं.

विमानतळावर मीही गेले होते. शशिकला वडिलांच्या मफलरचं टोक सारखं सारखं नीट करत होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल, आता तरी बोल. रांग पुढे सरकली तेव्हा ती म्हणाली, "तात्या, पोचलात की हळद पाठवा. इथली चांगली नसते."

"पाठवतो," तात्या म्हणाले आणि आत गेले.

पार्किंगमध्ये मी तिच्यावर तुटून पडले. प्रतापराव बिचारे चार गाड्या सोडून उभे राहिले. मी म्हटलं, "हळद? त्या माणसाला तू हळद मागितलीस? अगं, तो आपल्या हातून बाग मेली असं समजून चाललाय. खरं सांगितलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?"

"ते माझ्याबद्दल काय विचार करतील?" ती म्हणाली. मग गाडीला टेकून रडली. मी तिला रडू दिलं. माझा राग गेला नव्हता, पण तिची पर्स मी धरली.

हळद आली. त्याच स्टीलच्या डब्यात.

मग उन्हाळा आला आणि गेला. त्या जुलैत शशिकला माहेरी जाऊन आली, तरी बोलली नाही. नफिसा मॅडमनी मेलेल्या वेलींच्या जागी नवी कलमं लावली. त्यांनी शशिकलाला शब्दाने दुखावलं नाही, पण शेतावर बोलावणं मात्र कमी झालं. खलास म्हणून त्यांनी तो विषय मिटवला, आणि तेच तिला जास्त लागलं.

ऑक्टोबर लागला. एका संध्याकाळी ती स्वतः वर आली. हातात भांडं नव्हतं, पिठाचं नाव नव्हतं, तेव्हाच मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तात्यांचा फोन आला होता," ती म्हणाली. "विचारत होते, शशे, यंदा छाटणी कधी धरू? मला विचारतायत, आसावरी. मला." पुतण्याने तिला निराळा फोन करून सांगितलं होतं की छाटणीची टोळी दोनदा येऊन परत गेली. आजूबाजूच्या सगळ्या बागा छाटून झाल्या. तात्या सकाळी कात्री घेऊन बागेत जातात, वेलीपाशी उभे राहतात आणि परत येतात.

हे तिला हवंच होतं खरं तर. बाग अशीच राहिली असती तर घड नाही, घड नाही तर शेकोट्या नाहीत, आणि मग एखाद्या वर्षात तात्यांनी कंटाळून दोह्याची वाट धरली असती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तिच्या अंगवळणी पडलेलं. ती माझ्या सोफ्यावर बसून राहिली. मग तिने फोन काढला, स्पीकर लावला आणि मला म्हणाली, "तू इथेच बस."

"काय गं पोरी?" तात्यांचा आवाज आला. मागे कुठेतरी मोटर चालू होती.

"तात्या, मला तुम्हाला एक सांगायचंय. नफिसा मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं. छाटणी थंडीनंतर करायची, नाहीतर वारा मारतो, म्हणून. मला पण माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

तिकडे मोटर बंद झाली.

"काम नाही म्हटलं असतं तर तुम्ही परत गेला असता. म्हणून नाही सांगितलं."

 

"म्हणजे माझा हात चुकला नव्हता?" तात्यांनी विचारलं.

"नाही तात्या. मी चुकले."

"हां," ते म्हणाले. त्यांनी खोल श्वास घेतला तो आम्हाला ऐकू आला. रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "पण पोरी, मी काय तिकडं बागेसाठी आलो होतो का? बाग तर मला इथं बी होती. तू नुसतं राहा म्हणली असती, तर मी बसलो असतो की गॅलरीत. तुळशीला पाणी घालत."

शशिकलाने तोंडावर हात धरला. मी तिला कोपराने ढोसलं, जोरात. जन्मात पहिल्यांदा त्या बाईने सरळ मागितलं.

"मग आता या ना, तात्या. माझ्याजवळ या. राहा इथे."

"आता?" तात्या म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता, वर्षभरापूर्वी माझ्या दारात यल्ला म्हणायचे तसा. "आता कसा येऊ? आधीच उशीर झालाय. आता छाटणी धरायची."

फोन ठेवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. बागेच्या कडेला जाऊन ते कुणाला तरी हाका मारत होते, उद्या सकाळी सगळे या, म्हणून. आम्ही दोघी ते ऐकत बसलो होतो.